रिकामं रोहित्र वीज का खातं?

१. मध्यरात्रीचा प्रश्न

गावातले दिवे मालवलेले आहेत, गिरणी बंद आहे, टीव्ही आणि पंखेही बंद आहेत. तरी चौकातल्या डीपीतून ‘हूंऽऽ’ असा संथ आवाज येतच असतो. तिची टाकीही कोमट असते, असं वायरमन सांगतात. मग कुणालाही प्रश्न पडतो : वीज कुणी वापरतच नाही, तर हे यंत्र तापतं कशानं? आणि त्या उष्णतेचं बिल कोण भरतं?

लोक ज्याला डीपी म्हणतात ते वितरण रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्यात फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे घर्षण नाही. चांगलं रोहित्र घेतलेल्या विजेपैकी ९७–९८ टक्के पुढे देतं आणि वीजघरातली मोठी रोहित्रं तर ९९ टक्क्यांच्याही वर जातात. इतकी कार्यक्षम यंत्रं माणसानं फार थोडी बनवली आहेत. पण रोहित्र वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास जोडलेलं असतं आणि वीजघरापासून आपल्या दिव्यापर्यंत विजेला एकामागून एक अशी अनेक रोहित्रं ओलांडावी लागतात. म्हणून त्या उरलेल्या दोन-तीन टक्क्यांकडे बारकाईनं पाहायला हवं.

२. रोहित्र काम कसं करतं?

वीज लांब न्यायची तर तारेतला प्रवाह कमी ठेवावा लागतो, कारण तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. तेवढीच शक्ती कमी प्रवाहानं न्यायची असेल तर दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावा लागतो. म्हणून कोयनेसारख्या वीजघरातून वीज २ लाख २० हजार व्होल्टवर चढून निघते आणि वाटेतल्या उपकेंद्रांत पायरी पायरीनं उतरते. शेवटची पायरी चौकातली डीपी. तिच्यात ११ हजार व्होल्ट येतात आणि ४३३ व्होल्ट बाहेर पडतात. हा दोन फेजांमधला दाब असतो. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात तो सुमारे २५० व्होल्ट भरतो आणि तारांमध्ये थोडा घटून घरात साधारण २३० मिळतात.

हे घडतं मायकेल फॅरडेनं लावलेल्या शोधामुळे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं सुमारे सहा इंच व्यासाच्या मऊ लोखंडी कड्यावर तारेच्या दोन वेगळ्या गुंडाळ्या घातल्या. एका गुंडाळीला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्या गुंडाळीला जोडलेली सुई हलली. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही टेकत नव्हत्या. लोखंडातलं चुंबकत्व बदललं, एवढंच घडलं होतं.

त्यातून मिळालेला नियम सोपा आहे. एखाद्या वेढ्याच्या आतून जाणारं चुंबकत्व बदलत असेल, तर त्या वेढ्यात दाब निर्माण होतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, त्यामुळे लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व सतत वाढतं, घटतं, उलटं होतं आणि गाभ्याभोवतीच्या प्रत्येक वेढ्यात ठराविक दाब तयार होतो.

एक हिशेब करू. समजा, एका रोहित्रात दर वेढ्याला ५ व्होल्ट मिळतात. ११ हजार व्होल्टच्या बाजूला ११००० भागिले ५, म्हणजे २२०० वेढे हवेत. २५० व्होल्टच्या बाजूला २५० भागिले ५, म्हणजे ५० वेढे पुरतात. रोहित्राचं सगळं गणित या वेढ्यांच्या प्रमाणात आहे. दर वेढ्याला ५ व्होल्ट हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

३. लोखंडही एक वेढाच आहे

वरच्या नियमात वेढा तांब्याचा असला पाहिजे, त्यावर इन्सुलेशन असलं पाहिजे किंवा तो माणसानं गुंडाळलेला असला पाहिजे, अशी कोणतीही अट नाही. वीज वाहून नेऊ शकेल असा कोणताही बंद मार्ग चालतो. आणि लोखंड वीज वाहून नेतं.

आता असं रोहित्र डोळ्यांसमोर आणा, ज्याचा गाभा एकसंध लोखंडाचा आहे. गाभ्याच्या लांबीच्या दिशेनं बदलतं चुंबकत्व वाहतं आहे. गाभा आडवा कापून पाहिला, तर त्या कापाच्या कडेकडेनं एक बंद मार्ग दिसतो. तोही चुंबकत्वाला वेढणारा एक वेढाच आहे. मग त्यातही ५ व्होल्टच्या आसपास दाब निर्माण होणार. पाच व्होल्ट म्हणजे काही फार नव्हे. पण हा वेढा जाडजूड लोखंडाचा असल्यामुळे त्याचा रोध अत्यंत कमी आहे आणि त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेलीच आहेत. म्हणजे तो कायमचा शॉर्ट झालेला वेढा आहे. त्यातून प्रचंड प्रवाह वाहील, गाभा तापेल आणि त्या उष्णतेचा कुणालाही उपयोग होणार नाही. असे वेढे फक्त कडेला नसतात. आत, त्याच्याही आत, असे असंख्य बंद मार्ग असतात. धातूच्या पोटात गोल गोल फिरणाऱ्या या प्रवाहांना आपण भोवरी प्रवाह म्हणू. अभियंते त्यांना एडी करंट म्हणतात.

यांची चाहूल फॅरडेच्या आधीच लागली होती. १८२४ मध्ये फ्रान्सच्या फ्रांस्वा अरागोच्या ध्यानात आलं, की तांब्याची तबकडी फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते. तांबं चुंबकाला चिकटत नाही, मग सुई का फिरावी? हे कोडं फॅरडेच्या शोधानंतर सुटलं. तबकडीत भोवरी प्रवाह वाहत होते आणि त्यांचं स्वतःचं चुंबकत्व सुईला ओढत होतं. १८३४ मध्ये हाइन्रिश लेंझनं या प्रवाहांच्या दिशेचा नियम सांगितला : ज्या बदलामुळे ते जन्मले, त्याच बदलाला ते विरोध करतात. पुढे १८५५ मध्ये, लंबकाच्या प्रयोगानं पृथ्वीचं फिरणं दाखवणाऱ्या लेऑं फूकोनं तांब्याची तबकडी जबर चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिरवली. ती फिरवायला जास्त जोर लागला आणि ती गरम झाली. हाताची मेहनत थेट उष्णतेत जाताना त्यानं दाखवून दिली.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची हातभर लांब, जाड भिंतीची नळी उभी धरा आणि तिच्यात लहान पण जोरदार निओडिमियम चुंबक सोडा. तो इतका सावकाश उतरतो की खालच्या टोकाशी त्याची वाट पाहावी लागते. पडणाऱ्या चुंबकामुळे नळीच्या भिंतीत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते त्याला वर ढकलत राहतात. पडताना चुंबकाची जी ऊर्जा गेली, तिची नळीत उष्णता झाली.

४. गाभ्याचे पत्रे कशासाठी?

गाभा तर लोखंडाचाच हवा, कारण चुंबकत्व इतक्या सहजतेनं वाहून नेणारा तेवढाच स्वस्त दुसरा धातू नाही. मग भोवरी प्रवाह थांबवायचे कसे?

पाण्यानं भरलेला मोठा हौद घ्या आणि लांब काठीनं ढवळा. हौदाएवढा भोवरा तयार होतो. आता त्याच हौदात जवळजवळ उभ्या फळ्या बसवा. पाणी तेवढंच आहे, पण मोठा भोवरा धरायला जागाच उरली नाही. दोन फळ्यांच्या बोळात पाणी जेमतेम हलेल आणि तिथेच अडखळेल. फळ्यांच्या लांबीच्या दिशेनं मात्र पाण्याला पूर्वीइतकीच मोकळी वाट आहे.

रोहित्राच्या गाभ्यात नेमकं हेच करतात. एकसंध ठोकळ्याऐवजी पातळ पत्रे एकावर एक रचतात आणि प्रत्येक पत्र्यावर वीज न वाहणारा बारीक थर देतात. पत्रे चुंबकत्वाच्या दिशेला समांतर असतात, म्हणून चुंबकत्वाची वाट अडत नाही. भोवरी प्रवाहांना मात्र आडवं जायचं असतं आणि तिथे त्यांना दर पत्र्यागणिक भिंत लागते.

यानं किती फरक पडतो, ते आकड्यांत पाहू. समजा, एकसंध ठोकळ्याच्या मोठ्या वेढ्यात ५ व्होल्ट दाब आहे आणि त्या मार्गाचा रोध ०.०५ ओहम आहे. दाबाचा वर्ग भागिले रोध, हे उष्णतेचं सूत्र. २५ भागिले ०.०५ म्हणजे ५०० वॅट.

आता त्याच ठोकळ्याचे दहा पत्रे करा. प्रत्येक पत्र्याच्या आत चुंबकत्वाचा दहावा हिस्सा आला, म्हणून दाब ०.५ व्होल्ट. प्रवाहाची वाट दहापट अरुंद झाली, म्हणून रोध ०.५ ओहम. उष्णता ०.२५ भागिले ०.५, म्हणजे अर्धा वॅट. असे दहा पत्रे, म्हणून एकूण ५ वॅट. लोखंड तेवढंच, चुंबकत्वही तेवढंच, पण तोटा ५०० वॅटवरून ५ वॅटवर आला. दहा तुकडे केले तर तोटा शंभरावा हिस्सा होतो आणि शंभर केले तर दहा हजारावा. भोवरी प्रवाहांचा तोटा पत्र्याच्या जाडीच्या वर्गानं घटतो, ही या सगळ्या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट.

जाड ठोकळ्यात प्रत्यक्ष हिशेब याहून थोडा वेगळा होतो, कारण जोरदार भोवरी प्रवाह चुंबकत्वाला आत शिरूच देत नाहीत. लेंझच्या नियमानुसार ते विरोध करतात आणि चुंबकत्व पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात कोंडलं जातं. म्हणजे एकसंध गाभा तापतो तर खराच, शिवाय त्याचं आतलं लोखंड जवळपास फुकट जातं. पत्रे केल्यानं दोन्ही अडचणी एकदम दूर होतात.

५. पत्रा कसा असावा?

१८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघा अभियंत्यांनी बंद गाभ्याचं व्यवहारात वापरण्याजोगं रोहित्र बनवलं. १८८६ मध्ये विल्यम स्टॅन्लीनं अमेरिकेतल्या ग्रेट बॅरिंग्टन या गावात रोहित्रांच्या साहाय्यानं दुकानांमध्ये दिवे लावून दाखवले. लोखंडाचे तुकडे करायला हवेत, हे त्या पिढीला कळून चुकलं होतं. कुणी लोखंडी तारांचे जुडगे वापरत होते, तर कुणी पत्रे.

पुढची सुधारणा लोखंडातच झाली. लोखंडात सुमारे ३ टक्के सिलिकॉन मिसळलं की त्याचा विद्युत रोध चार-पाच पट होतो, त्यामुळे भोवरी प्रवाह त्याच प्रमाणात घटतात. सिलिकॉन असलेल्या पोलादावर इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डनं काम केलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते रोहित्रांत आलं. मग सिलिकॉन आणखी का वाढवू नये? कारण त्यानं पोलाद ठिसूळ होतं आणि त्याचा पातळ पत्रा लाटणं अवघड जातं.

१९३० च्या दशकात अमेरिकेत नॉर्मन गॉस यानं आणखी मोठं पाऊल टाकलं. पोलाद असंख्य बारीक स्फटिकांचं बनलेलं असतं आणि प्रत्येक स्फटिकाला एक सोपी दिशा असते. त्या दिशेनं तो सहज चुंबकित होतो. लाटणं आणि तापवणं यांचा विशिष्ट क्रम पाळला, तर बहुतेक स्फटिकांची सोपी दिशा लाटण्याच्या दिशेशी जुळते, हे गॉसनं शोधलं. रोहित्र बनवणारे आज ज्याला सीआरजीओ म्हणतात, ते हेच पोलाद. गाभ्याच्या कोपऱ्यांवर पत्रे ४५ अंशांत कापलेले दिसतात, त्याचं कारणही हेच : चुंबकत्वाला वळायचं असतं आणि शक्य तेवढा प्रवास सोप्या दिशेनंच व्हायला हवा.

आज हे पत्रे साधारण ०.२३ ते ०.३० मिलिमीटर जाडीचे असतात. गाभ्याची जाडी १३.५ सेंटीमीटर धरली, तर ०.२७ मिलिमीटरचे ५०० पत्रे लागतील. उत्तम प्रतीच्या पत्र्यात सगळा लोहतोटा, म्हणजे गाभ्याच्या लोखंडात होणारा तोटा, मिळून किलोमागे एका वॅटच्या आसपास येतो. पत्रे याहून फारच पातळ केले, तर रचणीत लोखंडाच्या तुलनेत इन्सुलेशनची जागा वाढू लागते, कापण्या-रचण्याचं काम वाढतं आणि किंमतही चढते. म्हणून जाडी ठरवताना या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो.

६. लोहतोट्याचा दुसरा हिस्सा

गाभ्यात फक्त भोवरी प्रवाहांनीच तोटा होत नाही. लोखंडाच्या आत लहान लहान भाग असतात आणि प्रत्येक भाग एका दिशेला चुंबकित असतो. बाहेरचं चुंबकत्व उलटलं की या भागांच्या सीमा सरकतात. ही हालचाल अडखळत होते. लोखंडातल्या दोषांशी, स्फटिकांच्या कडांशी त्या सीमा अडतात आणि सुटतात, त्यात ऊर्जा जाते. बाहेरचं चुंबकत्व शून्यावर आलं तरी लोखंडातलं थोडं मागे उरतं, ते पुसायलाही जोर लागतो. या मागे रेंगाळण्याला हिस्टेरेसिस म्हणतात. १८९० च्या दशकात चार्ल्स स्टाइनमेट्झनं हा तोटा मोजण्याचं सूत्र दिलं. त्यामुळे रोहित्राची रचना कागदावर हिशेब करून ठरवणं शक्य झालं.

दोन्ही तोट्यांचा स्वभाव वेगळा आहे. आवर्तनं दुप्पट केली, तर हिस्टेरेसिसचा तोटा दुप्पट होतो, कारण प्रत्येक आवर्तनाची किंमत ठरलेली आहे. भोवरी प्रवाहांचा तोटा मात्र चौपट होतो. विमानांत ४०० आवर्तनांची वीज वापरतात. तिथे हाच पत्रा तेवढ्याच चुंबकत्वाला वापरला, तर भोवरी तोटा ५० आवर्तनांच्या तुलनेत आठाचा वर्ग, म्हणजे ६४ पट होईल. म्हणून तिथे पत्रे आणखी पातळ घेतात. मोबाइलच्या चार्जरमध्ये सेकंदाला हजारो-लाखो आवर्तनं होतात, तिथे पत्र्याचा निभावच लागत नाही. त्यात फेराइट नावाच्या, लोहाच्या ऑक्साइडपासून बनवलेल्या चिनीमातीसारख्या पदार्थाचा गाभा असतो. तो चुंबकत्व वाहतो, पण वीज जवळपास वाहतच नाही.

आणि तो ‘हूंऽऽ’ आवाज? चुंबकित होताना पोलादाची लांबी अगदी सूक्ष्म प्रमाणात बदलते. एका आवर्तनात चुंबकत्व दोनदा शिखर गाठतं, म्हणून गाभा सेकंदाला १०० वेळा थरथरतो आणि आपल्याला १०० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. गाभ्यात चुंबकत्व उलटसुलट होतं आहे याची ती खूण आहे. आणि ते चालू असेपर्यंत लोहतोटाही चालूच असतो.

७. भार आला की दुसरा तोटा

लोक वीज वापरू लागले की तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुंडाळ्यांतून प्रवाह वाढतो आणि त्याही तापतात. हा ताम्रतोटा. तो प्रवाहाच्या वर्गानं वाढतो. अर्ध्या भाराला तो पूर्ण भाराच्या चौथाई असतो, दहाव्या हिश्शाच्या भाराला शंभरावा. लोहतोटा मात्र भार असो वा नसो, जवळपास तेवढाच राहतो, कारण दाब तोच असतो.

गावठाणाला वीज देणारी १०० केव्हीएची एक डीपी घेऊ. समजा, तिचा लोहतोटा २०० वॅट आणि पूर्ण भाराचा ताम्रतोटा १५०० वॅट आहे. दिवसातले ३ तास पूर्ण भार, ६ तास अर्धा भार आणि उरलेले १५ तास दहावा हिस्सा भार, असं धरू.

ताम्रतोटा : १५०० × ३ = ४५०० वॅट-तास, ३७५ × ६ = २२५०, १५ × १५ = २२५. एकूण ६९७५, म्हणजे सुमारे ७ युनिट.
लोहतोटा : २०० × २४ = ४८०० वॅट-तास, म्हणजे ४.८ युनिट.

पूर्ण भारावर ताम्रतोट्याच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा असलेला लोहतोटा दिवसाच्या एकूण तोट्यात ४० टक्क्यांवर जातो. वर्षाला तो १७५२ युनिट होतो. भार कमी असलेल्या वस्तीवर, वाडीवर त्याचा वाटा याहूनही वाढतो.

याच हिशेबातून आणखी एक उपयोगाची गोष्ट निघते. दोन्ही तोटे समसमान होतात, त्या भाराला रोहित्राची कार्यक्षमता सगळ्यात जास्त असते. इथे तो भार पूर्ण भाराच्या सुमारे ३७ टक्के येतो. त्यामुळे वितरण रोहित्राचा लोहतोटा मुद्दामच कमी ठेवतात, कारण त्याचा बराचसा दिवस थोड्याच भारावर जातो. आणि गरजेपेक्षा खूप मोठं रोहित्र बसवणं म्हणजे दुप्पट-तिप्पट गाभा रात्रंदिवस चुंबकित ठेवण्याचा खर्च कायमचा अंगावर घेणं.

८. गाभ्याबाहेरचे भोवरे

चुंबकत्व सगळंच गाभ्यात राहत नाही. भार वाढला की थोडं बाहेर सांडतं आणि जिथे धातू भेटेल तिथे भोवरी प्रवाह उठवतं. गुंडाळीची जाड तार स्वतःच त्याला बळी पडते. म्हणून मोठ्या रोहित्रांत एका जाड पट्टीऐवजी अनेक बारीक पट्ट्या घेतात, त्यांना वेगळं इन्सुलेशन देतात आणि ठराविक अंतरावर त्यांच्या जागा अदलाबदल करतात. पोलादी टाकी आणि क्लॅम्पही यातून सुटत नाहीत.

वायरिंग करणाऱ्यांनी यातला एक नियम कधीही विसरू नये. तीन फेजांच्या जाड केबली पोलादी पत्र्यातून नेताना प्रत्येकीला स्वतंत्र भोक पाडलं, तर प्रत्येक केबलीभोवतीच्या पोलादात बदलतं चुंबकत्व फिरतं आणि पत्रा चटका बसेल इतका तापू शकतो. तिन्ही केबली एकाच भोकातून नेल्या की त्यांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात. ते शक्य नसेल, तिथे पोलादाऐवजी ॲल्युमिनियमसारख्या चुंबकत्व न धरणाऱ्या धातूची पट्टी लावतात.

अलीकडे आणखी एक भर पडली आहे. एलईडी दिवे, संगणक, इन्व्हर्टर अशी उपकरणं प्रवाह सलग लाटेसारखा न घेता तुकड्यातुकड्यांनी घेतात. त्या प्रवाहात ५० च्या जोडीला १५०, २५०, ३५० अशी जास्त आवर्तनंही मिसळलेली असतात. गुंडाळीतला भोवरी तोटा आवर्तनांच्या वर्गानं वाढत असल्यामुळे २५० आवर्तनांचा एक अँपिअर ५० आवर्तनांच्या एका अँपिअरच्या पंचवीसपट भोवरी तोटा करतो. मीटरवर भार बेताचा दिसत असूनही रोहित्र जास्त तापत असेल, तर तपासायची एक गोष्ट ही आहे.

९. हेच प्रवाह कामालाही येतात

भोवरी प्रवाह ही निसर्गाची चूक नव्हे. जिथे उष्णता किंवा अडवणूकच हवी असते, तिथे ते उत्तम नोकर आहेत. इंडक्शन शेगडीत सेकंदाला वीस हजारांहून जास्त आवर्तनांचं चुंबकत्व भांड्याच्या बुडात भोवरी प्रवाह उठवतं आणि भांडंच तापतं. घराघरांत असलेलं जुनं, फिरत्या चकतीचं वीजमीटर आठवा. त्यातली ॲल्युमिनियमची चकती भोवरी प्रवाहांमुळेच फिरत असे आणि शेजारचं कायमचं चुंबक भोवरी प्रवाहांनीच तिला आवरत असे. या दोन जोरांच्या समतोलामुळे चकतीचा वेग विजेच्या वापराच्या प्रमाणात राहायचा. चालवणारा आणि आवरणारा, दोघंही तेच. काही वेगवान गाड्यांचे ब्रेकही याच तत्त्वावर, कशालाही न घासता, काम करतात.

तिन्ही ठिकाणी अभियंत्यानं प्रवाहाला रुंद वाट मोकळी करून दिली. रोहित्रात त्यानं तीच वाट चिरून बारीक केली.

१०. दुरुस्ती आणि खरेदी

हे सगळं कळलं की डीपीबाबतच्या दोन सवयी बदलाव्या लागतात.

पहिली दुरुस्तीची. गुंडाळी जळाली की गाभ्याचे पत्रे काढून पुन्हा रचतात. त्या वेळी पत्रे वाकवले, हातोड्यानं ठोकले, त्यांच्यावरचं इन्सुलेशन खरवडलं किंवा कडांना धारदार कंगोरे राहू दिले, तर शेजारचे पत्रे एकमेकांना टेकतात आणि भोवऱ्याला पुन्हा मोठी वाट मिळते. ठोकण्यानं स्फटिकांची रचना ताणली जाते आणि हिस्टेरेसिसही वाढतो. गाभ्यातून जाणाऱ्या बोल्टांचं इन्सुलेशन फाटलं, तरी तोच धोका. असं रोहित्र चालू होतं, दिवे लागतात, तक्रार येत नाही, पण लोहतोटा वाढलेला असतो आणि तो पुढची अनेक वर्षं रोज वाहत राहतो. म्हणून दुरुस्तीनंतर रिकाम्या रोहित्राचा तोटा वॅटमीटरनं मोजलाच पाहिजे. थोड्या वेळाची ही चाचणी वगळणं म्हणजे पुढे होणारं नुकसान आधीच मान्य करणं.

दुसरी खरेदीची. आता काही रोहित्रांत स्फटिक नसलेल्या, अमॉर्फस धातूचा गाभा वापरतात. वितळलेला धातू इतक्या झपाट्यानं गोठवतात की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. अशा प्रकारचा पहिला मिश्रधातू १९६० मध्ये कॅलिफोर्नियात पोल ड्यूवे यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला. रोहित्रांतल्या अमॉर्फस धातूची फीत जेमतेम ०.०२५ मिलिमीटर जाड असते, म्हणजे नेहमीच्या पत्र्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. शिवाय त्याचा रोधही जास्त आणि चुंबकत्व उलटवणंही सोपं. त्यामुळे लोहतोटा साधारण ७० टक्क्यांनी घटतो. उलट बाजूला, हा धातू तेवढं दाट चुंबकत्व पेलत नाही म्हणून गाभा मोठा होतो, फीत ठिसूळ असते आणि किंमत जास्त पडते.

मग घ्यावं का? वर घेतलेल्या डीपीचा २०० वॅटचा लोहतोटा ७० टक्क्यांनी घटला तर ६० वॅट होईल. वाचले १४० वॅट. वर्षाच्या ८७६० तासांत १२२६ युनिट, आणि २५ वर्षांत ३० हजार ६०० हून जास्त. युनिटची किंमत सहा रुपये धरली, तर ही रक्कम १ लाख ८३ हजारांच्या पुढे जाते. पुढच्या वर्षांतले पैसे आजच्या भावात मोजले तर ती कमी भरेल, पण किमतीतल्या फरकाशी तुलना करण्याजोगी नक्कीच राहील. भारतीय मानक आयएस ११८० मध्ये अर्ध्या आणि पूर्ण भाराला एकूण तोटा किती चालेल याच्या मर्यादा आहेत आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो वितरण रोहित्रांना तारे देतो. निविदा उघडताना फक्त सगळ्यात कमी किंमत न पाहता, किंमत अधिक आयुष्यभराचा तोटा अशी बेरीज करून रोहित्र निवडण्याची पद्धतही रूढ आहे. सहकारी गृहसंस्था, कारखाना, सूतगिरणी किंवा ग्रामपंचायत, रोहित्र कुणीही घेवो, विकणाऱ्याला दोन आकडे लेखी विचारावेत : लोहतोटा किती आणि पूर्ण भाराचा ताम्रतोटा किती. मग आपल्या भाराचे तास घेऊन वर केली तशी बेरीज करावी. त्याला शाळेतला गुणाकार पुरतो.

वीज वाचवा असं आपण घराघरांत सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण गाभ्यातली वीज कुणीही दिवा बंद करून वाचवू शकत नाही. ती पत्रा लाटणारा, तो कापून नीट रचणारा, दुरुस्तीनंतर मोजणी करणारा आणि खरेदीच्या कागदावर सही करणारा, एवढेच लोक वाचवू शकतात. त्यांच्यातल्या प्रत्येकाची काळजी किंवा हयगय पुढची पंचवीस वर्षं, रोज चोवीस तास, मोजली जाते.